झुडपी जंगल कोणाचं?

(कारंजा, आर्वी आणि सेलू तालुक्यांतल्या गावांच्या मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे. ज्या घरात वाचणारं कोणी नाही तिथे शेजाऱ्यानं वाचून दाखवावं.)



आयाबायांनो, भावांनो, आणि मागं झाडाखाली बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांनो,

आपल्या मेळाव्यात दरवेळी पट्ट्यांची गोष्ट निघते. कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचा उपविभागात अडकला, कोणाचा नकाशा चुकला. ती गोष्ट महत्त्वाची आहेच, आणि जेवणानंतर ती होणारच आहे. पण त्याआधी आम्हाला दुसऱ्या एका जमिनीबद्दल बोलायचं आहे. ही जमीन इथं बसलेल्या कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. तिच्यावर कोणाला पीककर्ज मिळत नाही. तिचा मालक कोण म्हणून विचारलं तर तलाठी एक सांगतो, वनरक्षक दुसरं सांगतो, आणि गावातला मोठा शेतकरी मनात तिसरंच धरून बसलेला असतो.

सरकारी कागदात तिला झुडपी जंगल म्हणतात. कुठं चराई म्हणतात, कुठं गायरान. आपण नुसतं 'बरडावर गेलो' म्हणतो. वर्धा नदी ओलांडून अमरावती-यवतमाळकडे गेलं की अशाच जमिनीला लोक 'ई-क्लास' म्हणतात. नावं वेगळी, कहाणी एकच. या जमिनीवर ज्याचा हक्क कागदावर सगळ्यात कमी, त्याचं पोट तिच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे.

वर्षभरात ही जमीन काय देते

बायांसोबत बसलं की हा हिशेब आपोआप निघतो. चैत्रात मोह. वैशाखात तेंदूपत्ता, चारं, टेंभरं. मृगाचा पाऊस पडला की तरोटा, मग कुंजर, काटवलं, बांबूचे वास्ते, सात्या. दिवाळीच्या मागंपुढं सीताफळ, मग आवळा, बोरं. अधूनमधून डिंक, हिरडा, बेहडा. शिंदीचे फडे, पळसाच्या पानाच्या पत्रावळी. घर सारवायला माती, छपराला गवत, बाळंतिणीला पाला-मुळी. आणि बारा महिने चुलीला काड्या, ढोराला चारा. घरात सिलिंडर आला आहे, पण तो भरायला पैसे नसले की कोपऱ्यात उभा राहतो आणि बाई पुन्हा बरडावर जाते.

याचे पैसे कोणी मोजत नाही. पावती नाही, व्यापार नाही, म्हणून सरकारच्या वहीत ही जमीन 'पडीत'. आमचं म्हणणं, एक दिवस ती बंद करून पाहा. काड्या विकत घ्या, फडा विकत घ्या, चार बकऱ्यांचा चारा विकत घ्या, आणि मग सांगा ती पडीत होती का.

आता हे पाहा. ज्याच्याकडे दहा एकर कपाशी-तूर आहे त्याच्या घरी पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, सोयाबीनचं कुटार आहे. धुऱ्यावर गवत आहे, बाभळी आहेत. त्याची सगळी गरज त्याच्याच शेतात भागते. ज्याला शेत नाही त्याला यातलं काही नाही. पऱ्हाट्या पाहिजे असतील तर दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. धुऱ्यावर बकरी चारली तर शिव्या खाव्या लागतात. बरडावर मात्र कोणाला विचारावं लागत नाही. गरीब माणूस मान खाली न घालता जिथं जाऊ शकतो, अशी गावात एवढीच एक जागा आहे.

याच्या पुढची गोष्ट बारकाईनं ऐका. निंदणाचे दिवस आले, कापूस वेचाईचे दिवस आले. मालक म्हणतो, इतकेच देईन, यायचं असेल तर या. ज्या बाईच्या घरी चूल पेटायला काड्या आहेत, दारात दोन बकऱ्या आहेत, टोपलीभर भाजी आहे, ती म्हणू शकते, "नाही परवडत, बाप्पा, दोन दिवस थांबते." जिच्याजवळ यातलं काहीच नाही ती थांबू शकत नाही. तिला मिळेल त्या मजुरीत जावंच लागतं. म्हणून सामाईक जमीन गेली की मजुराचं सौदा करायचं बळसुद्धा जातं. जो कधी बरडावर पाय ठेवत नाही, फक्त मजुरीवर जगतो, त्याचंही यात नुकसान आहे.

ढोरांचंही तेच. गवळाऊ गाय ही आपल्या वर्ध्याची ओळख. आर्वी-कारंजाच्या गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली जात. ती मोकळ्या चराईवर वाढणारी गाय आहे. आखरातून निघालेला कळप जाणार कुठं, याचं उत्तर दरवर्षी कठीण होत आहे. बोर अभयारण्य १९७० साली झालं, २०१४ मध्ये तिथं व्याघ्र प्रकल्प आला. आत चराई बंद झाली की काठावरच्या गावांना झुडपीच उरते. तीही गेली तर गाय खाटकाला, नाहीतर बाजाराला.

हे आम्हीच म्हणतो असं नाही. एन. एस. जोधा नावाच्या अभ्यासकांनी सात राज्यांतल्या कोरडवाहू भागातल्या ऐंशीवर गावांत जाऊन पाहणी केली आणि १९८६ साली ती छापली. त्यात आपल्या विदर्भातलं अकोलाही होतं. त्यांना दिसलं की गरीब घरांच्या मिळकतीचा साधारण सातवा ते चौथा हिस्सा सामाईक जमिनीतून येतो. तीस वर्षांत या जमिनीचा तिसरा ते अर्धा भाग नाहीसा झाला होता. गरिबाला वाटतो म्हणून तुकडे पाडले, पण बहुतेक तुकडे शेवटी आधीच जमीन असलेल्यांच्या हाती गेले. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनंही १९९८ साली हेच मोजलं. देशातल्या खेड्यांतली जवळपास निम्मी घरं, शंभरातली अठ्ठेचाळीस, सामाईक जागेवरून काही ना काही आणत होती.

ही जमीन आली कुठून आणि गेली कोणाकडे

इंग्रजाच्या आधी जंगल-बरडाला मालक नव्हता, वापरणारी गावं होती. इंग्रजानं मध्य प्रांतात मालगुजारी पक्की केली आणि वर्धा जिल्ह्यातली गावं मालगुजारांच्या नावानं लिहिली. बरड, जंगल, तलाव सगळं मालगुजाराचं. पण गावकऱ्यांच्या गरजेला तोही पूर्ण नाकारू शकला नाही. सरपण, गवत, घराला लाकूड, ढोरांची चराई, रस्ता, पाणी, मसणवटा, हे सगळं गावाला घेता येईल असं बंदोबस्ताच्या कागदात लिहून ठेवावं लागलं. त्याला निस्तार म्हणतात. गावाची चालरीत जिथं लिहिली त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. हे शब्द म्हाताऱ्यांच्या कानावरून गेलेले असतील. पोरांनो, तुम्ही ते पाठ करा. पुढं कामाला येणार आहेत.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. मालगुजाराच्या हातची पडीत, जंगल, तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचा हक्क कायद्यात राहिला. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. कागदांचे गठ्ठे सोबत आले, आणि झुडपी जंगल ही नोंदही सोबत आली. जमीन महसूल खात्याची आणि नाव मात्र जंगलाचं.

या दोन नावांच्या मधल्या फटीत पुढची सगळी वर्षं गेली. कोणाला शाळा बांधायची होती, झुडपीवर बांधली. कोणाला घरकुल द्यायचं होतं, झुडपीवर दिलं. तलाव, कालवा, विजेचं उपकेंद्र, कारखाना, सगळं झुडपीवर. मोठ्या शेतकऱ्यानं दरवर्षी नांगर दोन हात पुढं नेला. कोणी मुरूम खणला. आणि ज्याला कुठंच जमीन नव्हती अशा आपल्या माणसानंही पोटापुरता तुकडा वाहितीत आणला. या सगळ्यांना कागदात एकच शब्द, अतिक्रमण.

२२ मे २०२५ चा निकाल

आता मुख्य गोष्ट. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगलाबद्दल निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांचं खंडपीठ होतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या ८६,४०९ हेक्टर जमिनीचा प्रश्न त्यात होता. ही जमीन वनासाठी योग्य नाही, ती वनातून मोकळी करावी, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं.

न्यायालयानं काय म्हटलं ते सोप्या भाषेत सांगतो. पहिलं, झुडपी जंगल हे जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ ला न्यायालयानं सांगितलं होतं की सरकारी कागदात जंगल म्हणून नोंद असेल तर मालक कोणीही असो, ते जंगल धरावं. तोच नियम इथं लागू. दुसरं, १९९६ च्या त्या तारखेआधी शाळा, घरं, सरकारी इमारती यांसाठी जी जमीन दिली गेली, तिच्यासाठी राज्यानं केंद्राकडून मंजुरी घ्यावी. म्हणजे लोकांची राहती घरं एकदम उठवायची नाहीत. तिसरं, २५ ऑक्टोबर १९८० नंतर धंद्यासाठी दिलेली जमीन अतिक्रमण धरावी आणि ती काढायला जिल्ह्याजिल्ह्यात विशेष पथक करावं. चौथं, जंगलाला लागून नसलेले तीन हेक्टरच्या आतले रिकामे तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत. पाचवं, दुसरीकडं जंगल कापून त्याच्या भरपाईची झाडं झुडपीवर लावायची मोकळीक नाही. बिगरवन जमीन उपलब्धच नाही, असं मुख्य सचिवांनी लिहून दिलं तरच ते करता येईल. आणि सहावं, उरलेली झुडपी जमीन महसूल खात्यानं एका वर्षात वन खात्याच्या ताब्यात द्यावी.

या निकालात आपल्याला आनंद वाटावा असं पुष्कळ आहे. झुडपी कोणालाही उचलून द्यायची सोय यानंतर राहणार नाही. झुडपं, गवत, पाखरं, पाणी धरून ठेवणारी जमीन, तिला न्यायालयानं पडीत म्हटलं नाही, जंगल म्हटलं. आपण तेच म्हणत होतो.

पण सहावा मुद्दा पुन्हा आठवा. जमीन महसूल खात्याकडून वन खात्याकडं चालली आहे. २२ मे २०२६ ला ते वर्ष भरतं. या देवघेवीच्या कागदावर दोन सह्या आहेत आणि दोन्ही सरकारच्या. गावाची सही कुठं आहे? उद्या तार-कुंपण आलं, सागवानाची रांग लागली, चराई बंदीची पाटी लागली, तर आपण कोणता कागद दाखवणार? "आमचे बापजादे इथंच ढोरं चारत होते" एवढ्यानं वनरक्षक ऐकत नाही. हे आपण दुसऱ्या जंगलात पाहून चुकलो आहोत.

याच निकालातून निघणारा आपला रस्ता

२००६ चा वनहक्क कायदा जंगल कशाला म्हणतो? त्यात राखीव वन आहे, संरक्षित वन आहे, अभयारण्य आहे. त्यासोबत वर्गवारी न झालेलं वन आहे, सीमा न आखलेलं वन आहे, आणि जंगल मानलं गेलेलं, म्हणजे मानीव वनही आहे. आजवर आपले झुडपीवरचे दावे गेले की ऐकायला मिळायचं, ही तर महसुलाची जमीन, इथं वनहक्क कायदा लागत नाही. आता ते उत्तर चालणार नाही. देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानं झुडपीला जंगल म्हटलं आहे. जंगल आहे तर वनहक्क कायदा आहे, आणि वनहक्क कायदा आहे तर ग्रामसभेचा हक्क आहे. दावा लिहिताना हा निकाल आणि त्याची तारीख लिहायला विसरू नका.

आपला वर्धा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. पेसा कायदा आपल्याला लागत नाही. शेजारच्या यवतमाळला, चंद्रपूरला काही तालुक्यांत लागतो, आपल्याला नाही. म्हणून आपल्या हातात हत्यार एकच आणि ते हेच. वनहक्क कायद्याला पेसाची अट नाही.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमात निस्तार हा शब्द तसाच्या तसा आहे. जमीनदारी आणि त्यासारख्या मधल्या व्यवस्थांत चालत आलेले निस्ताराचे हक्कही त्यात धरले आहेत. आपली मालगुजारी त्यातच येते. गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क आहे, मासळीचा आहे, चराईचा आहे. आणि सगळ्यात मोठा म्हणजे गावानं परंपरेनं राखलेलं जंगल पुढंही राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचा कारभार करण्याचा हक्क. त्यालाच सामूहिक वनहक्क म्हणतो. हा पट्टा ग्रामसभेच्या नावानं निघतो. तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वाटून घेता येत नाही. ज्याला एक गुंठाही नाही त्याचाही त्यात पूर्ण हिस्सा.

इतरांनी करून दाखवलं आहे

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वन खात्याकडेच. त्यांनी तो सोडला नाही. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळून पावणेदोन वर्षं त्यांना भांडावं लागलं, हेही लक्षात ठेवा.

कोणी म्हणेल, तिथं घनदाट जंगल आहे, आमच्या बरडावर काय? तर मग पायविहीर पाहा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी, कोरकू लोकांचं गाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १९० हेक्टर मिळालं, तेही बहुतेक उजाड. गावानं पाणी अडवलं, माती धरली, झाडं लावली, चराईला शिस्त लावली. तिथलं सीताफळ मुंबईच्या बाजारात गेलं. २०१४ मध्ये त्यांच्या कारभाराला जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. गोंड वस्तीचं लहान गाव, २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर मिळालं. त्यांनी सगळ्यात आधी बसून नियम लिहिले, शंभरावर नियम. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, म्हणून तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. पैसा समोर दिसत असताना नाही म्हणायला एकी लागते. जंगलाचा एक तुकडा देवासाठी, पाखरांसाठी हात न लावता ठेवला.

शहाणी माणसं म्हणतात, जे सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं, म्हणून ते ओरबाडलं जातं. १९६८ साली हार्डिन नावाच्या अमेरिकन माणसानं हेच लिहिलं आणि जगभरचे अधिकारी ते घोकत राहिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईनं जगभरची कुरणं, कालवे, मासळीची पाणी यांचा अभ्यास करून दाखवलं की जिथं वापरणारेच नियम करतात, आपसांत राखण करतात, नियम मोडणाऱ्याला विचारतात, तिथं सामाईक संपत्ती शेकडो वर्षं टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली बाई. तर आपल्यासमोरचा सवाल नियमाचा आहे. नियम कोण करतो आणि कोण पाळतो.

अवघड बोलणं, पण बोललंच पाहिजे

झुडपीवर वाहिती करणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत. मग सामूहिक हक्क मागितला तर त्यांच्या पोटावर पाय येईल का? हा सवाल प्रत्येक गावात निघतो आणि यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. संघटनेत बसून आम्ही यावर पुष्कळ बोललो. आमचं मत असं आहे.

जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून पोटापुरती जमीन वाहतो, त्याचा हक्क कायद्यानं मानला आहे, चार हेक्टरच्या मर्यादेत. त्यानं नमुना 'अ' भरावा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. ग्रामसभेनं त्याच्या पाठीशी उभं राहावं. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही, असं कायद्याचं चौथं कलम सांगतं. विशेष पथक आलं तर तो कागद त्याच्या हातात पाहिजे. मोठ्याजवळ वकील असतो, आपल्याजवळ दाव्याची पावती असली पाहिजे.

बिगरआदिवासी गरिबाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. ती अट जड आहे. पण दलित, गवळी, धनगर, सगळ्यांचं सरपण आणि चराई त्याच बरडावर आहे. सामूहिक दाव्यात त्यांना आपल्यासोबत बसवा. 'ही आदिवासींची भानगड' असं गावात पसरलं तर दावा तिथंच मेला समजा.

२००५ नंतर नवी वाहिती मात्र नको. आज एकानं नवा तुकडा फोडला तर उद्या दहा जण फोडतील. ज्याच्याजवळ बैलजोडी नाही, ट्रॅक्टर नाही, ती विधवा बाई काय फोडणार? तिच्या वाट्याची चराई, तिच्या वाट्याच्या काड्या तेवढ्या कमी होतील. एकाला एक एकर मिळतं तेव्हा दहा घरांचं थोडंथोडं जातं. ते थोडंथोडं डोळ्याला दिसत नाही म्हणून ते धकून जातं.

आणि जो दरवर्षी धुरा सरकवतो, मुरूम विकतो, त्याच्याबद्दल गाव का बोलत नाही हे आपल्याला माहीत आहे. तोच काम देतो, तोच अडीनडीला उसने देतो. एकट्या माणसानं त्याच्यासमोर उभं राहू नये. ग्रामसभेनं मोजणी मागावी, ठराव लिहावा, सगळ्यांनी सह्या-अंगठे करावेत. ठरावाखाली शंभर अंगठे असले की एका माणसावर राग काढता येत नाही.

आता कामं

एक. ज्या गावात वनहक्क समिती नाही किंवा नावापुरती आहे, तिथं ग्रामसभा घेऊन नवी निवडा. दहा ते पंधरा जण, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया. बरडाची खरी माहिती बायांना आणि गुराख्यांना असते, ते समितीत पाहिजेत.

दोन. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचं निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, बंदोबस्ताचा जुना नकाशा आणि झुडपी जंगलाची गटवार यादी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. गावाच्या झुडपीचे गट नंबर प्रत्येकाला पाठ असले पाहिजेत.

तीन. शिवारफेरी काढा. म्हातारी माणसं बैलबंडीत बसवून न्या. ढोरांचा रस्ता, पाणवठा, पेनठाणा, मसणवटा, मोहाची झाडं, शेजारच्या गावाची शीव, सगळं हातानं नकाशावर काढा. शेजारच्या गावाशी सामाईक चराई असेल तर त्यांना आधी भेटा, भांडण नंतर नको.

चार. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. नियमांत त्यांच्या जबाबाला पुरावा मानलं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत किती म्हातारी माणसं गेली आणि त्यांच्यासोबत किती पुरावा गेला, याचा विचार करा.

पाच. निस्तार, चराई, वनोपजासाठी नमुना 'ब' आणि कारभाराच्या हक्कासाठी नमुना 'क', दोन्ही भरा. ठराव घेताना ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्याहून कमी असले तर दावा त्याच कारणानं परत येईल. दावा दिल्याची पावती घ्या. नामंजूर केला तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करता येतं.

सहा. पट्ट्याची वाट पाहत बसू नका, नियम आजपासून करा. कोणता भाग पावसाळ्यात चराईला बंद, कोणता उघडा. कुऱ्हाड कशाला लागेल, कशाला नाही. मोहाखालची आग बंद. राखणीची पाळी कोणाची. वर्षभर नियम पाळून दाखवले तर पट्ट्याच्या वेळी कोणी म्हणू शकणार नाही की गावाला जंगल सांभाळता येत नाही.

याच जिल्ह्यात पवनारला विनोबा राहिले. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला त्यांनी भूदानाची सुरुवात केली आणि पुढं देशभर चालत जमीन मागितली. एकाच्या हातची जमीन भूमिहीनाला द्या, असं ते मोठ्या जमीनवाल्यांना सांगत होते. आपल्याजवळ तर कोणाकडं मागायची गरज नसलेली जमीन आहे. ती आधीपासूनच भूमिहीनाची शिदोरी आहे. फक्त ती वाटेत सांडू द्यायची नाही.

म्हणून पुढच्या अमावास्येपर्यंत प्रत्येक गावानं आपल्या झुडपीचे गट नंबर आणि ग्रामसभेची तारीख संघटनेकडे कळवावी. ज्यांना नकाशा काढायला माणूस पाहिजे त्यांनी आजच नाव द्यावं. २२ मे २०२६ च्या आत प्रत्येक गावाचा नमुना 'क' उपविभागीय समितीत पोचला पाहिजे आणि त्याची पावती गावात राहिली पाहिजे.

आता जेवायला बसा. जेवण झालं की पट्ट्यांची गोष्ट.

जय सेवा. जल, जंगल, जमीन गावाची!